पाच नंबरचा सूर

"बसायचाच नाही तुझा विश्वास," खर्जकाका म्हणाले. "तुझाच काय, कोणाचाच बसणार नाही. मी तिथं नसतो तर माझाही बसला नसता."

क्लॅरिनेटवाल्याने बशीतलं बिस्किट उचललं, चहात बुडवलं आणि न दुखणाऱ्या बाजूच्या गालात सरकवलं. रविवारी दुपारी दाढ उपटून घेऊन तो घरी आडवा झाला होता, आणि नेमकं त्याच दुपारी नाचघरात काहीतरी झालं होतं. काय झालं ते चार जणांनी त्याला चार तऱ्हांनी सांगितलं. आज मंगळवारी तो सुजलेला गाल घेऊन मुद्दाम चालत आला होता, कारण बातमी काय, कोणाकडूनही कळते. ऐकण्यासारखी हवी असेल तर ती खर्जकाकांच्या स्वयंपाकघरातच मिळायची.

काका बेचाळीस वर्षं डबल बेस वाजवत होते. व्हायोलिनचे आजोबा म्हणावेत असं ते अगडबंब वाद्य. उभं केलं की काकांपेक्षा वीतभर उंच. काकांचा स्वतःचा आवाजही त्याच पट्टीतला होता. तोंडावाटे बाहेर पडण्याआधी छातीत दोन येरझारा घालून यायचा. त्या आवाजात थाप मारली की ऐकणाऱ्याला ती थाप वाटायचीच नाही, दस्तऐवज वाटायचा. एका पुरात आपण बेसमध्ये बसून, गजाचं वल्हं करून घरी आलो, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की पियानोवाल्या बाई नवीन माणसाला बेस दाखवताना "हाच तो, पुरातला" म्हणायच्या.

या जगात काकांची थाप पकडणारी एकच बाई होती, आणि ती आत्ता टेबलाच्या पलीकडे बसून बेसची फाटकी खोळ शिवत होती. बेसला ती सवत म्हणायची. खोळीची चेन तिसऱ्यांदा उसवली तेव्हा, सवतीच्या झग्याला माझेच हात लागणार, हे कपाळी लिहूनच आलंय, असं म्हणून तिने सुई हातात घेतली होती. मान खाली, डोळे टाक्यावर. काकांना मोकळं रान होतं.

तर गोष्ट अशी, की ती या बाईपासूनच सुरू होते.

नाचघरात दर रविवारी दुपारी जुनी जाणती जोडपी नाचायला येत. कोणाचे गुडघे दुखत, कोणाची कंबर धरलेली; पण तीन मात्रांचं संथ गाणं सुरू झालं की सगळे कसे तेल घातल्यासारखे फिरायला लागत. तिथे शिरताना डाव्या हाताला कोट-छत्र्या ठेवायची खिडकी होती. एकतीस वर्षं काकांची बायको त्या खिडकीत बसली. पितळेचे बिल्ले द्यायचे, बिल्ले घ्यायचे, ज्याचा कोट त्याला. खिडकी कोपऱ्याआड होती, तिथून मंच दिसायचा नाही. नवऱ्याचं वाजवणं तिने कधी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. आणि घरी परत जाताना, दुसऱ्या चौकापाशी, ती निकाल द्यायची.

"तिसऱ्या गाण्यात घाई केलीत." "मध्यंतरानंतर जाडी तार उतरली होती, लक्ष कुठे होतं?" "त्या शेवटच्याला घसरलात." एकतीस वर्षांत छान हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. फार झालं तर म्हणायची, आज बोलण्यासारखं काही नाही. तसं म्हणाली की काका घरी जाऊन आणखी एक कप चहा स्वतः करून तिला द्यायचे.

मग तिचे कान गेले. तेही उलटे गेले. चारचौघांचं ऐकणं वरून झिजत येतं, आधी पाखरं जातात, मग दाराची घंटा. हिचं खालून झिजलं. चमचा पडलेला तिला शेजारच्या घरातून ऐकू यायचा, पण ढग गडगडलेला कळायचा नाही. क्लॅरिनेटवाल्याचा आवाज बारीक, तो तिला लख्ख ऐकू यायचा; नवऱ्याचा मुळीच नाही. एवढी वर्षं त्यांनी बडबड केली, आता कानांनी राजीनामा दिला, असं ती हसत सांगायची. खिडकीत पुरुष माणसं बिल्ल्याचा नंबर सांगत आणि ती भलताच कोट काढून देई, म्हणून तिने ती नोकरी सोडली. रविवारी तेवढी यायची, भिंतीपाशी खुर्ची घेऊन बसायची.

अशाच एका रविवारी, दुसऱ्या चौकापाशी, ती म्हणाली, "छान झालं आज."

काका रस्त्यातच थांबले. मागून येणारा सायकलवाला शिव्या देत वळसा घालून गेला तरी हलले नाहीत.

त्यानंतर दर रविवारी छान. काकांनी काय काय केलं नाही? एकदा मध्यंतरानंतर त्यांनी मुद्दाम एक तार अर्धा सूर चढवली आणि चार गाणी तशीच रेटली. ढोलवाला डोळे वटारून बघत होता, पियानोवाल्या बाईंनी मागे वळून तब्येत ठीक आहे ना म्हणून विचारलं. दुसऱ्या चौकापाशी बायको म्हणाली, छान. त्या दिवशी काका जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. तीही थापच होती, आणि तीसुद्धा पकडली गेली नाही.

काकांना हवं होतं ते एवढंच. बायकोने एकदा, फक्त एकदा, तुम्ही घसरलात म्हणावं.

क्लॅरिनेटवाल्याला यातलं निम्मं ठाऊक होतं, म्हणून काकांनी ते भराभर आटपलं आणि त्या आवाज बदलणाऱ्या नव्या पेटीवर आले.

नाचघराच्या नव्या मालकिणीने हौसेने हॉल सजवला. भिंतींना मऊ कापड, कडेने गालिचे, वर खोटं छत. त्या मऊपणात बेस बुडाला. पियानो ऐकू यायचा, क्लॅरिनेट तर यायचाच. पण पावलाखालचा तो दम गेला, आणि जोडपी एकमेकांच्या पायांवर पाय द्यायला लागली. मग घोडीखाली, जिथे तारा टेकतात तिथे, बटणाएवढा पिकअप चिकटवून आवाज स्पीकरला जोडून पाहिला. डब्यात बेडूक कोंडावा तसा आवाज आला. थोडा मोठा केला की बेसचं पोकळ पोट स्वतःच हंबरायला लागे. ढोलवाला म्हणाला, काका, म्हैस विकून टाका.

तेव्हा काकांची भाची आली. ती दवाखान्यात लोकांना कानाची यंत्रं बसवून द्यायची आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्याशा टोळक्यात गिटार बडवायची. तिने पिशवीतून एक चपटी पेटी काढली, वहीएवढी. वर एक छोटा पडदा, खाली पायाने दाबायचं बटण. डिजिटल मॉडेलर म्हणतात मामा याला, ती म्हणाली. जगातल्या जुन्या-नव्या अँप्लिफायरांचे आवाज यात भरलेत. ते अँप्लिफायर इथे नाहीत, पण ते असते तर कसा आवाज आला असता, तो हिशोब करून ही पेटी आवाज काढते. नुसते अँप्लिफायर नाहीत, खोल्यासुद्धा आहेत. दगडी, लाकडी, लहान, मोठ्या.

"म्हणजे नसलेल्या खोलीत नसलेल्या अँप्लिफायरमधून वाजवल्याची थाप मारते," काका म्हणाले.

"तसंच म्हण."

"मग ही आपल्याच घरातली आहे. राहू दे."

भाचीने दोन दिवस खपून एक नंबरला बेस असा बसवला, की स्पीकरमधून लाकूड ऐकू यायला लागलं. माइक लावून आधी बेसचा खरा आवाज घेतला, मग बेडकाचा घेतला, आणि दोहोंतला फरक पेटीला शिकवला. मग ती उठून आत गेली आणि मामीच्या कानांच्या तपासणीचा कागद घेऊन आली. त्यावर एक रेघ होती, डावीकडे खोल खड्ड्यात गेलेली आणि उजवीकडे चढत आलेली. तो कागद तिने पेटीशेजारी ठेवला.

तिने काकांना समजावलं ते त्यांना फार आवडलं होतं, म्हणून क्लॅरिनेटवाल्याला त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. प्रत्येक सुराच्या अंगावर त्याचे वरचे सूर बसलेले असतात. तळचा सूर काढून घेतला आणि वरचे नीट रचून ठेवले, तर माणसाचा मेंदू तळ स्वतःहून भरून काढतो. नसलेला खर्ज त्याला ऐकू येतो. मामीचा वरचा भाग शाबूत आहे. जुन्या काचेच्या दिव्यांचे अँप्लिफायर फार तापले की सुराला वरती काटे फुटायचे. तसेच काटे आपण पाच नंबरला लावू. बाकीच्यांना घोगरं वाटेल, पण मामीला बहुतेक कळेल. बहुतेक, हं मामा.

बहुतेक हा शब्द क्लॅरिनेटवाल्याला सांगताना काकांनी गाळला.

ठरलं असं, की तिसरं गाणं सुरू होण्याआधी बटण चार वेळा दाबायचं, म्हणजे एकाचे पाच होतात. पाच आले की पाय काढून घ्यायचा. दुधखुळ्यालाही जमावं इतकं सोपं. भाचीने तीन वेळा करून घेतलं, काकांनी तिन्ही वेळा बरोबर केलं, आणि ती निश्चिंत होऊन आपल्या टोळक्याकडे निघून गेली.

"पण तिच्यासमोर मी नुसतं बटण दाबलं होतं," काका म्हणाले. "वाजवलं नव्हतं."

क्लॅरिनेटवाल्याचा कप हवेत थांबला. "पाय," तो म्हणाला.

"पाय," काका म्हणाले.

बेचाळीस वर्षं काकांचा डावा पाय प्रत्येक ठोक्याला जमिनीवर पडत आला होता. तो पाय पडतो म्हणून हात चालतात, की हात चालतात म्हणून पाय पडतो, हे काकांनाही सांगता आलं नसतं. वायर तोकडी म्हणून पेटी डावीकडेच ठेवलेली. चार वेळा दाबलं, पडद्यावर पाच आले, भिंतीपाशी बायको हात मांडीवर ठेवून बसली होती, पियानोवाल्या बाईंनी मान हलवली. काकांनी पहिला सूर छेडला आणि पाय पडला. सहा.

"सहाला घुमट होता. केवढा म्हणशील?" काकांनी हात पसरले, पण स्वयंपाकघर पुरलं नाही. सूर वर गेला तो गेलाच. तो खाली येईपर्यंत पियानोवाल्या बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला, तेव्हा कुठे तो थकून भागून आला आणि कडेच्या खुर्चीवर बसला. तोवर सात झाले होते. सात म्हणजे जहाजाचं पोट. जमीन अलगद डावीकडे कलली आणि वीसच्या वीस जोडपी नाचत नाचत डाव्या भिंतीशी गोळा झाली, मग उजव्या. कोणी घाबरलं नाही. सगळ्यांचे चेहरे झोपेत हसणाऱ्या बाळांसारखे. आठला विहीर, नऊला पत्र्याची पाण्याची टाकी, दहाला कुठलं तरी लांबच लांब बोळकांड, ज्याच्या दुसऱ्या टोकाला काकांसारखाच कोणीतरी बेस वाजवत होता आणि किंचित मागे पडत होता.

"आणि अकराला पाणी," काका हळू आवाजात म्हणाले. "सगळं पाण्याखाली. हिरवट उजेड. पोस्टमास्तरांच्या बाईंच्या टाचा उचलल्या गेल्या, मग बाईच. पोस्टमास्तरांनी बोट धरून ठेवलं म्हणून, नाहीतर छताला लागल्या असत्या. खिडकीतले कोट खुंट्यांवरून बाह्या हलवायला लागले. दंतवैद्य एका खोलीत शिरला आणि त्याची जोडीदारीण दुसऱ्या खोलीत. बिचारा दारं उघडून बघत होता."

"रविवारी दुपारी दंतवैद्य माझ्या तोंडात होता, काका."

"त्याचा भाऊ असेल मग. पाय दंतवैद्याचे वाटले मला."

क्लॅरिनेटवाला हसला आणि गाल धरून कळवळला. पण पुढे सांगा म्हणाला.

पेटीत एकशेअठ्ठावीस आवाज होते. म्हणजे एकशेअठ्ठावीस ठोके गेले की फिरून पाच यायचा. एका सुरापुरता. पुढच्या ठोक्याला पाय पडला की गेला. काकांनी वाजवता वाजवता हिशोब केला, की चार मिनिटांच्या गाण्यात बायकोच्या वाट्याला सूर येणार तीन. उरलेले सगळे जहाजांना, विहिरींना आणि दंतवैद्याच्या भावाला.

पाय थांबवावा म्हटलं तर हात ऐकेनात. पाय जरा कचरला की बोटं तारेवर चाचपडायला लागत, ओळखीच्या घरातलं कपाट कोणी हलवल्यावर आंधळ्याचे हात चाचपडतात तशी. म्हणून पहिला पाच आला तो तसाच गेला. पण जाताना, काका म्हणाले, तिने मान वर केली. वाऱ्याच्या झुळकीने पडदा हलावा तेवढीच. मग पुन्हा सहा, पुन्हा घुमट.

"मी मोजत होतो," काका म्हणाले. "ओठ हलवून मोजत होतो, शाळेतल्या पोरासारखा. एकशेचोवीस, पंचवीस, सव्वीस. दुसऱ्यांदा पाच आला, आणि मी पाय वर उचलला."

"आणि?"

"आणि वरच धरला. बगळा कसा उभा असतो? तसा. एका पायावर, बेसला मिठी मारून. मी त्याला धरलंय की त्याने मला, कळत नव्हतं. पाय हवेत, आणि हात चालतायत. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हात आपले आपण चालले. अख्खं दुसरं कडवं मी तसं वाजवलं."

त्यांनी एका पायावर उभं राहून दाखवलं. एक हात खुर्चीच्या पाठीवर होता, पण आवाजात खुर्ची नव्हती. जोडपी भिंतींपासून सुटून मधे आली, ते सांगत होते. पोस्टमास्तरांच्या बाई खाली उतरल्या. कोट गप्प झाले. पाच नंबरचा तो सूर घोगरा होता, काटेरी होता, बाकी कोणाला गोड लागला नसेल. पण हॉलमधल्या एकाही माणसाने तोंड वाकडं केलं नाही, कारण तो सूर कोणासाठी आहे हे सगळ्यांना पायांतून कळलं होतं. सगळे तिच्या खुर्चीभोवती फिरत होते, मोठ्या गोलात, संथ, जणू कोणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही.

क्लॅरिनेटवाला चावायचा थांबला होता. थाप आहे हे त्याला माहीत होतं. पण ही पुरातल्यासारखी नव्हती. हिच्यात काका हसत नव्हते.

"गाणं संपलं," काका म्हणाले. "कोणी टाळी वाजवली नाही. आणि त्या शांततेत, तिथून, भिंतीपासून, तिचा आवाज आला. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा. म्हणाली, दुसऱ्या कडव्यात घसरलात."

त्यांनी पाय खाली ठेवला.

"खरंच घसरलो होतो रे. एका पायावर काय होणार? पण तुला सांगतो, बेचाळीस वर्षांत मला कोणी इतकं..."

"खोटं आहे," बायको म्हणाली.

सुई कापडात तशीच रुतलेली होती. खोळ कधीची मांडीवरून घसरून खाली गेली होती. तीन वर्षांत काकांना एक सवय लागली होती, बोलणं कोणाशीही असो, तोंड तिच्याकडे ठेवायचं, कारण ओठ दिसले तरच तिला शब्द कळत. आत्ताही ते तसेच उभे होते, क्लॅरिनेटवाल्याकडे पाठ करून. कधीपासून, ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"पाय उचललात तेवढं खरं," ती म्हणाली. "पण हात थांबले. वाजवणंच बंद पडलं तुमचं. मी डोळे मिटून बसले होते, खिडकीत बसायचे तशी, काही येतंय का बघत. मला थांबलेलं कळलं नाही. संपलं असेल असं वाटलं, म्हणून मी म्हटलं, छान. डोळे उघडले तर तुमचा पाय हवेत, हात तारेवर तसेच, सगळे उभे, आणि सगळे माझ्याकडे बघतायत."

क्लॅरिनेटवाल्याने कप खाली ठेवला. एवढी एक गोष्ट चौघांपैकी कोणीही त्याला सांगितली नव्हती.

"तीन वर्षं मी अंदाजानंच छान म्हणतेय," ती म्हणाली. "आता आणखी एक थाप नको. तोंड इकडेच ठेवा आणि सांगा. कसं वाजवलंत?"